परडी रिकामी झाली, म्हणून भेट वाया गेली का?

पत्राचा सारांश

बंगळूरला नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे आईवडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. गेल्या वर्षी मे महिन्यात आईच्या वाढदिवसाला त्यांना जाता आले नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन मागणी नोंदवून फुलांची एक छोटी वेताची परडी पाठवली. तीत फिकट गुलाबी गुलाब, मोतिया रंगाची कार्नेशन, फिकट निळी शेवंती आणि मधूनमधून जिप्सीची बारीक पांढरी फुले होती. हल्ली ज्यांना पेस्टल म्हणतात ते हे मंद रंग त्यांनी बराच वेळ घालवून निवडले होते. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो 'कितीला पडली?' हा. परडी ९०० रुपयांची होती. त्यांनी ३५० सांगितले. 'छान आहे गं, पण रंग जरा फिकेच वाटतात,' असेही आई म्हणाली. संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला तेव्हा परडी रिकामी होती. गुलाब देवांपुढे होते, कार्नेशन शेजारच्या काकूंकडे गेली होती, निळी फुले 'रंग बोटांना लागतोय' म्हणून खिडकीत बाजूला ठेवलेली होती आणि फुले खोचलेला हिरवा स्पंज तुळशीवृंदावनाजवळ पडला होता. त्या परडीत आता लसूण असतो. पुण्यातला भाऊ म्हणतो, की असल्या गोष्टींपेक्षा आईला पैसे दे, नाहीतर नवा मिक्सर घेऊन दे. वाढदिवस पुन्हा तीन आठवड्यांवर आला आहे. 'परत परडी पाठवू, की हा नाद सोडून देऊ? आईला सुंदर गोष्टींची कदरच नाही असे मला वाटते, आणि असे वाटल्याची लाजही वाटते,' असे त्यांनी लिहिले आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्या निळ्या फुलांपाशी. फुलाचा रंग बोटांना लागतो, हे लांबून कळत नाही. त्यासाठी फूल हातात घ्यावे लागते, पाकळी दोन बोटांत धरून पाहावी लागते आणि मग बोटांकडे पाहावे लागते. तुमच्या आईने हे सगळे केले. शेवंतीला मुळात निळा रंग नसतोच. बाजारात मिळते ती निळी शेवंती पांढऱ्या फुलाला रंगाच्या पाण्यात बुडवून, त्यावर रंग फवारून किंवा देठावाटे रंग पाजून तयार केलेली असते. हे आईला कोणी सांगितले नसेल, पण तिच्या हाताला ते कळले. आणि त्यानंतर तिने काय केले, ते तुम्हीच लिहिले आहे. गुलाब तिने देवांना वाहिले, कार्नेशन शेजारणीला दिली, आणि ज्या फुलांच्या रंगाविषयी तिला शंका आली ती तिने ना देवाला वाहिली, ना कोणाला दिली; पण टाकूनही दिली नाहीत, खिडकीत ठेवली. फुलांची कदर नसलेल्या माणसाला एवढी निवड करावीशी वाटत नाही.

म्हणून पाठवू की नको याकडे वळण्याआधी, त्या प्रश्नाच्या तळाशी असलेल्या एका समजुतीबद्दल बोलू या. भेट दिलेली परडी आहे तशी भरलेली राहिली तरच तिचा मान राहिला, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. ती तुमच्या आईची नसावी, एवढेच मला वाटते.

माझी आजी वाईला राहायची. श्रावणात पहाटे ती परडी घेऊन अंगणात उतरायची, तेव्हा परडीच्या तळाशी केळीच्या पानाचा एक तुकडा अंथरलेला असायचा. पारिजातकाखाली तिने रात्रीच एक धुतलेले जुनेर पसरून ठेवलेले असे. खाली पडलेले चालते असे ते एकच फूल, तरी त्याला माती लागू नये म्हणून. जास्वंद ती पानाच्या कडेला वेगळी ठेवायची, कारण तिची पाकळी चुरगळली की तगरीच्या पांढऱ्या फुलांवर डाग पडतो. मग घरात येऊन वाटणी सुरू व्हायची. लाल फूल गणपतीला, पांढरी शंकराला, मंजिऱ्या बाळकृष्णाला, दोन फुले उंबऱ्यावर, मूठभर जुई ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या आईच्या गजऱ्यासाठी, आणि ज्यांच्या दारात एकही झाड नव्हते त्या समोरच्या काकूंसाठी द्रोणात थोडी. आठाच्या सुमारास परडी धुऊन खुंटीला पालथी टांगलेली असायची. आठनंतर त्या घरात भरलेली परडी मी कधी पाहिली नाही, आणि फुले संपली म्हणून कोणी हळहळलेलेही पाहिले नाही. परडीत फुले राहायला येत नसत. झाडावरून निघून ज्याच्या त्याच्या जागी पोचेपर्यंतची ती त्यांची वाट असे.

तुम्ही पाठवलेली परडी वेगळ्या घराण्यातली आहे. आपल्याकडचे फुलवाले ज्याला ओएसिस म्हणतात तो हिरवा स्पंज १९५४ साली अमेरिकेत बाजारात आला, आणि देठ हव्या त्या कोनात खोचून, फुले जागच्या जागी पाणी पीत राहतील अशी रचना करणे त्यामुळे सोपे झाले. या परडीत फुले मुक्कामालाच येतात. ती समोर ठेवून बघायची असते, तिला रोज थोडे पाणी घालायचे असते, आणि जे फूल सुकेल तेवढेच अलगद काढायचे असते. हे तुम्हाला माहीत होते आणि परडी भरणाऱ्यालाही माहीत होते. आईला मात्र कोणी सांगितले नव्हते. तिच्या दाराशी फुलांची परडी आली, आणि परडीतल्या फुलांचे जे करायचे असते ते तिने केले.

गुलाब देवांपुढे गेले याचे तुम्हाला जास्त वाईट वाटले आहे, असे पत्रावरून दिसते. आपल्याकडच्या कित्येक घरांत आलेल्या चांगल्या गोष्टीचा पहिला वाटा देवाला असतो, मग तो हंगामातला पहिला आंबा असो, पेढ्यांचा पुडा असो, की मुलीचा पहिला पगार असो. तुमचा पहिला पगारही कदाचित त्याच देव्हाऱ्यात ठेवला गेला असेल, आणि तेव्हा तुम्हाला तो आपल्याकडून हिरावला गेला असे वाटले नसेल. वास घेतलेले फूल देवाला वाहू नये, असा जुन्या बायकांचा नेम असतो. तुमच्या आईचाही तो असेल, तर एवढ्या दुरून लेकीने पाठवलेल्या गुलाबांचा वासही न घेता तिने ते देवांपुढे ठेवले असतील. तुमच्या भेटीला त्या घरातली सर्वांत वरची जागा मिळाली, असे मला वाटते.

'कितीला पडली?' या प्रश्नाकडेही जरा वेगळ्या बाजूने पाहा. परगावी घरभाडे भरून राहणाऱ्या मुलीचे पैसे ही आईची रोजची काळजी असते, आणि ती काळजी बोलून दाखवायला तिच्याकडे हाच एक प्रश्न असतो. तुम्ही ३५० सांगून ती मिटवली. आपल्यापैकी पुष्कळ जणी हेच करतात, मीही अनेक वर्षे केले आहे. पण त्या एका वाक्यासरशी ती परडी आईच्या लेखी ३५० रुपयांची झाली. ३५० रुपयांच्या फुलांतली चार शेजारी देताना कोणाचा हात अडखळत नाही. खरी किंमत ठाऊक असती तर तिने ती फुले ठेवून घेतलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ठेवायची की द्यायची हे तिने निदान पूर्ण माहितीनिशी ठरवले असते.

आता रंगांविषयी. 'फिके' हा शब्द मराठीत कधीच नुसत्या रंगापुरता राहिलेला नाही. फिका चहा म्हणजे बिनसाखरेचा, तापातून उठलेल्याचा चेहरा फिका, आणि एकापुढे दुसरा फिका पडतो तेव्हा तो हरलेलाच असतो. तुम्ही ज्याला पेस्टल म्हणता त्याचे आईने या शब्दात भाषांतर केले, आणि तुम्हाला त्यात नापसंती ऐकू आली. याच रंगांना तिच्या कपाटात मात्र फार गोड नावे आहेत. अबोली, मोतिया, बदामी, पिस्ता, दुधी हे सगळे मंद रंगच आहेत, आणि साडीच्या दुकानात गाद्यांवर बसून 'अबोलीत काही दाखवा' म्हणणाऱ्या कोणत्याही बाईला आपण फिका रंग मागत आहोत असे वाटत नाही. आईशी फुलांबद्दल बोलताना हीच नावे वापरून पाहा. तिच्या साड्यांमध्ये कोणता सौम्य रंग पुन्हा पुन्हा दिसतो, हे तुम्हाला आठवत असेल, आणि नसेल तर वडिलांना विचारता येईल. यंदाच्या फुलांचा रंग तिथून घ्या, फोनच्या पडद्यावरच्या सजवलेल्या छायाचित्रातून घेऊ नका.

एक व्यवहाराची गोष्टही इथेच सांगते. मंद रंगाची फुले गडद पार्श्वभूमीपुढे उठून दिसतात. पिवळसर किंवा गुलाबी ऑइलपेंटच्या भिंतीपुढे, ट्यूबलाइटच्या उजेडात तीच फुले विरून जातात. आईला रंग फिके वाटले यात तिच्या आवडीचा जेवढा भाग असेल तेवढाच हॉलच्या भिंतीचाही असू शकतो. परडीत भरपूर गडद हिरवी पाने घालून घेतली, पांढऱ्या कागदाचे आणि जाळीचे वेष्टण टाळले, आणि ती लाकडी कपाटापुढे किंवा उघड्या खिडकीच्या उजेडात ठेवली, तर तीच फुले निराळी दिसतील.

इथवर मी आईची बाजू मांडली, पण तुमचा हिरमोड मला खोटा वाटत नाही. आंब्याच्या फोडी सगळ्यांच्या ताटात वाढून स्वतः कोय घेऊन बसणाऱ्या आईला, एकदा तरी एखादी गोष्ट तिच्यापाशीच राहावी, ती देवालाही जाऊ नये आणि शेजारीही जाऊ नये, असे तुम्हाला वाटले. कार्नेशन शेजारी गेली याचे दुःख ९०० रुपयांचे नाही, हे मला कळते. आईने या वेळीही स्वतःला शेवटी ठेवले, त्याचे ते दुःख आहे. हे मागणे रास्त आहे. पण ते परडीला बोलता येत नाही, तुम्हालाच बोलावे लागेल. संगणकावर छापलेल्या 'हॅपी बर्थडे'च्या कार्डाऐवजी तुमच्या अक्षरातल्या दोन ओळी पाठवा. कागदावर लिहून त्याचे छायाचित्र फुलवाल्याला पाठवले तर तो ते छापून परडीत ठेवू शकेल. 'आई, बाकीची फुले तुला हवी तशी वाट, पण ही पेल्यातली चार फुले सुकेपर्यंत तुझ्याजवळ राहू देत' एवढे पुरे. हुकूम वाटेल अशा सुरात मात्र लिहू नका. एकदा दिल्यावर त्या फुलांवर तिचाच हक्क आहे, आणि तिने तीही देऊन टाकली तर ते आनंदाने घेण्याची तयारी ठेवूनच पाठवा.

भावाशी वाद घालू नका. आईच्या उपयोगाचे काही द्यावे या त्याच्या म्हणण्यात माया आहे. पण मिक्सर ही घराची गरज आहे, आणि तो खरोखर बिघडला असेल तर वाढदिवसाची वाट न पाहता तुम्ही दोघांनी मिळून तो या आठवड्यात घ्या. घराची गरज आईच्या वाढदिवसाला भागवली की तिच्या वाट्याला त्या दिवशी चटणी वाटण्यापलीकडे फारसे काही येत नाही. पैशांचेही बहुधा तसेच होईल. ते नातवंडांच्या खाऊत, भिशीत किंवा कोणाच्या तरी आहेरात जातील. तिने स्वतः एखादी वस्तू घ्यायची मनात धरली असेल आणि तुम्हाला ती ठाऊक असेल, तरच पैसे द्या, आणि त्या वस्तूचे नाव घेऊन द्या.

मोगऱ्याची कुंडी देण्याचाही विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. मे महिना मोगऱ्याचाच असतो, घरात ओंजळभर कळ्या रोज येतील, आणि आईला ते आवडेलही. पण झाड देणे म्हणजे कामही देणे. गुडघे दुखत असतील, उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत असेल, तर आधी विचारूनच द्या. त्याहून मला सुचते ती फुलपुडी. रोज सकाळी पानात बांधलेली फुले दाराला अडकवून जाणारा हारवाला तुमच्या गावात असेल, तर त्याच्याकडे वाढदिवसापासून पंधरा दिवसांचा रतीब लावा, आणि पुडीत देवाच्या फुलांबरोबर एक लहान मोगऱ्याचा गजरा बांधायला सांगा. देवाची फुले देवाला जातील, पण गजरा डोक्यात माळण्यावाचून त्याचे दुसरे काही करता येत नाही. रतीबाचे पैसे आगाऊ देऊन टाका, म्हणजे तिला रोज हिशेब करावा लागणार नाही.

तरीही, तुम्ही विचारलेच आहे म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. परडी पाठवा. लहानच पाठवा, मंद रंगांचीच पाठवा, कारण ते रंग तुम्ही मनापासून निवडता आणि भेटीत देणाऱ्याचीही थोडी आवड असावी. फक्त या वेळी ती वाटता येईल अशी भरून घ्या. स्पंजाऐवजी परडीत मधोमध एक काचेचा छोटा पेला बसवायला सांगा, आणि त्यात चार-पाच मंद रंगाची फुले पाण्यात ठेवायला सांगा, ही आईची. त्याच्या भोवती तीन लहान जुड्या सुतळीने सैल बांधून, देठांना ओला कापूस गुंडाळून ठेवता येतात. एक जुडी देवासाठी, एक शेजारच्या काकूंसाठी, एक ज्याला द्यावीशी वाटेल त्याच्यासाठी. काही फुलवाल्यांकडे एकेका देठाला लावायच्या, झाकणाला भोक असलेल्या पाण्याच्या नळ्या मिळतात, त्याही चालतील. अशा परडीतून फुले काढताना काहीही मोडत नाही, आणि संध्याकाळी तुम्ही व्हिडिओ कॉल कराल तेव्हा मधला पेला बहुतेक जागेवर असेल.

मागणी मोठ्या ऑनलाइन दुकानाकडे नोंदवण्यापेक्षा गावातल्याच, किंवा साताऱ्यातल्या, फुलवाल्याला थेट फोन करा. ऑनलाइन मागणीही पुष्कळदा अखेर जवळच्या एखाद्या फुलवाल्याकडेच जाते, पण मधल्या मधल्या टप्प्यांत तुमचे सांगणे गळून पडते. लहान गावात या जातीची फुले बहुधा पुणे-कोल्हापूरच्या बाजारातून मागवावी लागतात. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाड्याच्या परिसरात गुलाबाची पॉलिहाऊस मोठ्या संख्येने आहेत, आणि मंद गुलाबी, पीच, दुधी असे गुलाब तिथून येतात. मे महिना लग्नसराईचा असल्यामुळे हेच रंग स्टेजच्या सजावटीला जातात आणि मुहूर्ताच्या दिवशी त्यांचे भाव चढतात, म्हणून चार दिवस आधी सांगून ठेवा आणि थोडी आगाऊ रक्कम पाठवा. सांगताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. रंगवलेली फुले नकोत, फुलांवर चमकी नको, आणि छायाचित्रातलेच फूल हवे असा आग्रह नाही, त्या दिवशी ताजे असेल ते चालेल.

निळ्या शेवंतीच्या जागी फिकट जांभळा अॅस्टर घ्या. आपल्याकडचे शेतकरी तो पिकवतात, त्याचा रंग त्याचा स्वतःचा असतो, आणि तो फार महागही नसतो. निशिगंधाच्या दोन काड्या जरूर असू द्या. एकेरी जातीच्या निशिगंधाच्या कळ्यांना टोकाशी किंचित गुलाबी छटा असते, आणि पॉलिहाऊसच्या गुलाबांना जो वास नसतो तो निशिगंध भरून काढतो. मंद रंगाचा जरबेरा दिसायला गोड असतो, पण उकाड्यात त्याची मान लवकर मोडते, म्हणून मे महिन्यात मी तो सुचवणार नाही. जिप्सीची फुले राहू द्या. ती झाडावर असल्यासारखी वाळतात आणि पुढेही कित्येक दिवस देखणी दिसतात.

परडी सकाळी दहाच्या आत पोचेल असे पाहा, आणि पोचल्यावर काय करायचे ते वडिलांना फोन करून सांगा. या निमित्ताने त्यांनाही वाढदिवसात एक काम मिळेल. पेल्यातले पाणी रोज बदलायचे, बदलताना देठाचा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा तुकडा तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची, आणि पेला पंख्याच्या झोतात किंवा उन्हात ठेवायचा नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या घराला विशेष लागू आहे, कारण त्या दिवसांत घरात आंब्याची पेटी किंवा अढी असणार. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. चांगली आठवडाभर टिकणारी फुले आंब्यांशेजारी ठेवली तर त्यांच्या पाकळ्या लवकरच आत वळतात आणि फूल झोपी गेल्यासारखे मिटते. फुले शिळी पाठवली, असा फुलवाल्यावर उगीच ठपका येतो. पेला आंब्यांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा.

फुलवाल्याने स्पंजच वापरला, तर तो वापरून झाल्यावर तुळशीत किंवा बागेत टाकू नये, हेही वडिलांच्या कानावर घाला. तो ओल्या मातीसारखा दिसतो आणि हातात सहज चुरतो, म्हणून माणसे त्याला निर्माल्याबरोबर खड्ड्यात टाकतात. पण तो प्लॅस्टिकच्याच जातीचा आहे, कुजत नाही, त्याची बारीक भुकटी होऊन मातीत राहते. त्याची जागा सुक्या कचऱ्यात.

दूर राहणाऱ्या आईला, सासूबाईंना किंवा मावशीला अशी परडी पाठवू पाहणाऱ्या इतर वाचकांनाही मी एवढेच विचारीन, की त्या घरात आलेल्या फुलांचे पुढे काय होते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? जिथे देवपूजा मोठी असते तिथे सुटी फुले द्यावीत. जिथे एकटेच माणूस राहते आणि शेजार फारसा नाही, तिथे रचलेली परडी चार दिवस सोबत करते, आणि तिथे मंद रंग विशेष शोभतात, कारण ते सतत डोळ्यांसमोर राहिले तरी थकवत नाहीत. दवाखान्यात पाठवायची असेल तर आधी चौकशी करा. अतिदक्षता विभागात फुले बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, म्हणून माणूस घरी आल्यावर पाठवलेली बरी. आणि वडिलांनाही फुले पाठवून पाहा. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडलेल्या हारानंतर अनेक पुरुषांच्या हाती कोणी फूल दिलेले नसते.

तुमच्या आईची ती वेताची परडी एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या ओट्यावर, हाताशी आहे, आणि लसूण सोलायला घेताना ती रोज उचलली जाते. तेव्हा नवी परडी पाठवताना लसणाच्या परडीपेक्षा थोडी वेगळ्या आकाराची निवडा. कोथिंबीर निवडायला एक लागेलच.

वाढदिवसाच्या दिवशी ती पुन्हा विचारील, 'कितीला पडली?' या वेळी खरा आकडा सांगा. ती दोन मिनिटे रागावेल, तिला रागावू द्या. आणि राग उतरला, की गेल्या वर्षीची निळी फुले खिडकीत किती दिवस होती, ते तिला विचारा.